अर्धांगवायूनंतर हातासाठी मेंदूलहरींवर चालणारे यंत्र कितपत उपयोगी?

पैलतीर (प्रश्न):
माझ्या वडिलांना चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. ते आता काठी घेऊन चालतात, परंतु उजव्या हाताची बोटे अजून उघडत नाहीत. डोक्यावर ईईजीची (मेंदूतील विद्युत लहरी टिपणारी) टोपी घालून, मेंदूलहरींच्या इशाऱ्यावर हात उघडणाऱ्या यंत्राविषयी नुकतेच कळले. हात यंत्रच उघडणार असेल, तर स्नायूंना नेहमीची विद्युत उत्तेजना देण्यापेक्षा यात वेगळे काय आहे?

रानवाट:
फरक वेळ साधण्याचा आहे. हात हलवू पाहताच मेंदूच्या चालक (हालचाल घडवणाऱ्या) भागावरील, साधारण ८ ते १३ हर्ट्झची म्यू लहर क्षीण होते. ते टिपून यंत्र लगेच हात उघडते, त्यामुळे मेंदूने केलेला प्रयत्न आणि हाताकडून परतणारी संवेदना यांची गाठ पडते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या २०१८ च्या चाचणीत, झटक्याला बराच काळ लोटलेल्या २७ रुग्णांच्या दोन्ही गटांना उत्तेजना मिळत होती. मात्र एकाच गटात ती मेंदूलहरींना बांधलेली होती. हाताच्या हालचालीच्या मापनात त्या गटाची सुधारणा सरासरी ६.६ गुणांची झाली, दुसऱ्याची २.१.

जुना फिजिओ:
आकडे खरे आहेत, पण हाताचे हे फ्युगल-मायर मापन ६६ गुणांचे असते. सहा गुण वाढले म्हणजे वडील शर्टाची बटणे लावू लागतील, असे समजू नये. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील २०१३ च्या अभ्यासातही यंत्रावरील सरावाला फिजिओथेरपीची जोड होती, तेव्हा चालू व्यायाम बंद करून यामागे लागणे मला पटत नाही. आणखी एक, कपाळावर मेंदूलहरी टिपणारी पट्टी लावून पडद्यावरचा फुगा उडवण्याचा खेळ म्हणजे हे उपचार नव्हेत. चालक भाग टाळूच्या दोन्ही बाजूंना येतो. कपाळावर भुवया आणि डोळ्यांच्या हालचालींचीच भेसळ जास्त होते.

पैलतीर:
मनापासून आभार. मग केंद्रात नेमके काय विचारावे?

जुना फिजिओ:
मेंदूलहरी टिपणारे इलेक्ट्रोड डोक्यावर कुठे लावतात, हात त्याच क्षणी उघडतो का आणि सुरुवातीला व शेवटी हाताचे मापन कोण करते, हे विचारा. वडिलांना मात्र नुसती कल्पना न करता बोटे उघडण्याचा खरा प्रयत्न करायला सांगा, भले ती तसूभरही न हलोत.