किराणा नक्की कुठून भरायचा? (पुनावळे-वाकड भाग)

अनुजा_पुनावळे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही नारायण पेठेतून पुनावळ्याला राहायला आलो. पेठेत हा प्रश्न कधी पडलाच नाही. खाली वाण्याचं दुकान, यादी दिली की तासाभरात पोरगा सामान वर आणून द्यायचा, पैसे महिन्याच्या शेवटी. इथे सोसायटीच्या गेटबाहेर एक दुकान आहे, पण सगळं पाकिटबंद. सुटं काही मिळत नाही, आणि "दादा, जरा मूठभर दाखवा बघू" म्हटलं तर तो माझ्याकडे परग्रहावरून आल्यासारखं बघतो.

नवरा सगळं मोबाईलवरून मागवून मोकळा होतो. परवा धने संपले. शंभर ग्रॅम धने मागवले, त्यावर डिलिव्हरी आणि आणखी कसकसले चार्जेस धरून धन्यांइतकेच पैसे वर गेले. डी-मार्टला गाडी काढून जावं लागतं आणि रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यात सासूबाईंनी धोशा लावलाय, एप्रिल आला, वर्षाचे गहू आणि तूरडाळ भरून टाका, मार्केट यार्डात जा. वन बीएचकेत वर्षाचे गहू ठेवू कुठे, पलंगाखाली?

आम्ही चार माणसं, दोन्ही वेळचं जेवण घरी. तुम्ही कुठून भरता आणि का, ते सांगा. नुसतं स्वस्त नको, माल चांगला हवा. परवाच्या तूरडाळीला कुकरच्या आठ शिट्ट्या देऊनही ती वरणात वेगळी पोहत होती.

रावेतकर

डोळे मिटून डी-मार्ट. फक्त रविवारी जाऊ नका. मंगळवार-बुधवारी सकाळी उघडतानाच जा, तासाभरात बाहेर. एमआरपीपेक्षा कमी, बिल पक्कं, विषय संपला. सुटं-बिटं आता कोण घेतं?

बार्शीवाला

रावेतकर, सुटं घेणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावरच आमचं घर चाललं. :)

अनुजाताई, बार्शीला आमचं किराणा-भुसार दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी चालवलं, आता थोरला भाऊ बघतो. मी नोकरीला चिंचवडला, पण शाळा सुटली की गल्ल्याशेजारी बसून पुड्या बांधायचं काम माझ्याकडे असायचं. वर आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, रद्दीचा कागद, दोन वेढे, गाठ, तुकडा. डोळे झाकून आजही बांधीन. सांगायचं एवढंच, की 'स्वस्त दुकान कुठलं' हा प्रश्न काउंटरच्या आतल्या बाजूने वेगळा दिसतो. कुठलंही दुकान सगळ्या मालावर सारखं कमवत नाही. कोण कशावर कमावतो हे कळलं, की कुठून काय घ्यायचं नाही हे आपोआप कळतं.

साखर घ्या. साखरेच्या पोत्यात आम्हाला कधी काही सुटलं नाही. हमाली आहे, थोडी घट आहे, कागद-दोरा आहे, आणि तोलताना काटा जरा गिऱ्हाइकाकडे झुकवावाच लागतो. किलोमागे रुपया-सव्वा रुपया सुटला तरी वडील खूश. पण साखर ठेवायचीच, आणि भाव कमीच ठेवायचा, कारण माणसं साखरेचा आणि तेलाचा भाव विचारून दुकान महाग की स्वस्त ते ठरवतात. मग दुकान चालतं कशावर? जिरं, खसखस, वेलदोडा, खोबरं, काजू-बेदाणा, उदबत्ती. साखरेचे दोन रुपये जन्मभर लक्षात ठेवणारा माणूस पन्नास ग्रॅम जिऱ्याच्या पुडीचा किलोला काय भाव पडला ते कधी काढत नाही. जिरं-मोहरी-धने सहा महिन्यांचे एकदम होलसेलवाल्याकडून घ्या. तुमच्या त्या शंभर ग्रॅम धन्यांवर तिघांनी पोट भरलंय.

डी-मार्टचं म्हणाल तर राधाकिशन दमानींनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून गणित एकच आहे. जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. माल देणाऱ्या कंपन्यांचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे भाव पाडून मिळतो. साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, कपड्याची पावडर या कंपनीच्या मालात आमच्यासारखा दुकानदार त्यांच्यापुढे टिकत नाही. खरं सांगू? ऑफर लागली की छोटे दुकानदारच तिथून ट्रॉली भरून नेतात, कारण एजन्सीवाल्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तेव्हा तो सगळा माल खुशाल तिथून घ्या. फक्त साबण आणायला गेलेला माणूस पायपुसणं, प्लास्टिकचे डबे आणि पोराला टी-शर्ट घेऊन बाहेर पडतो, आणि किराण्यापेक्षा जास्त मार्जिन त्या मालावर असतं. यादीत नाही ते ट्रॉलीत नाही, एवढं जमलं तर तुम्ही जिंकलात. मला जमतं. बायकोला जमत नाही. (ती इथे वाचत नाही.)

आता डाळ-तांदूळ. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे. तोच माल पोत्यातून सुटा मोजून घेतला तर कर नाही, आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही. बाजारात २६ किलोचे तांदळाचे कट्टे का दिसायला लागले ते आता कळलं असेल. तो वरचा एक किलो तुमच्यावरच्या प्रेमाने घातलेला नाही. पण सुटं घ्यायचं ते कर वाचतो म्हणून नव्हे, हातात घेऊन बघता येतं म्हणून. आणि मूठभर मागितली की जो पोत्यात हात घालून देतो आणि वर म्हणतो "ही नको, परवा नवीन लॉट येतोय", त्याला धरून ठेवा, मग तो साखरेला रुपया जास्त का घेईना.

तूरडाळ दिसण्यावर जाऊ नका. फटका म्हणून जी चकचकीत, एकसारखी पिवळीधमक मिळते ती ताटात छान दिसते, पण ती चकाकी पॉलिशची. आमच्या दुकानात जाणती बाई आली की डाळ तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळायची, हाताला पिवळं किंवा तेलकट लागलं तर गपचूप परत पोत्यात टाकायची. मग दोन दाणे दाताखाली. कट्कन तुटली तर कोरडी, वर्षभर टिकेल. दाताखाली दबली तर ओल आहे, पावसाळ्यात जाळी धरणार. आणि एकदम दहा किलो कधी उचलायची नाही. आधी अर्धा किलो न्यायची, शिजवून बघायची, आवडली तर दोन दिवसांत त्याच पोत्यातली घ्यायची. वडील अशा गिऱ्हाइकासाठी पोतं बाजूला काढून ठेवायचे.

तुमच्या न शिजलेल्या डाळीबद्दल मात्र एक शंका. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे का? जड पाण्यात डाळ शिजत नाही, मग ती लातूरची असो नाहीतर अकोल्याची. त्याच डाळीची एक वाटी प्यायच्या फिल्टरच्या पाण्यात शिजवून बघा आणि मग दुकानदाराला शिव्या घाला.

सासूबाईंचं निम्मं ऐका. तूरडाळ वर्षाची भरा. नवी डाळ फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येते, एप्रिलपर्यंत चांगली सुकते, आणि दिवाळीच्या सुमाराला बहुधा भाव चढलेला असतो. चार माणसांना पंचवीस-तीस किलो पुरेल, तेवढे डबे मावतात. एरंडेलाचा हात लावून दोन दिवस ऊन द्या. गहू मात्र वर्षाचे नकोत. त्याला कोठी पाहिजे, गच्ची पाहिजे, वाळवायला माणूस पाहिजे. दोन-दोन महिन्यांचा लोकवन आणा, झालं. मार्केट यार्ड गुलटेकडीला, म्हणजे तुमच्यापासून शहराचं दुसरं टोक. पेट्रोल आणि हमाली धरली तर काय वाचणार? त्यापेक्षा पिंपरी कॅम्पात जा. होलसेल किराण्याची दुकानं आहेत, पाच-दहा किलोचं गिऱ्हाईकही घेतात. दुपारी जा, सकाळी त्यांची दुकानदारांची गडबड असते.

तेलाबद्दल एकच. पिशवीवर एक लिटर असेल तर तेल साधारण ९१० ग्रॅम असतं, किलो नाही. त्यात आता लिटरपेक्षा कमी तेलाच्याही पिशव्या निघाल्यात, दिसायला सेम. भाव बघू नका, बारीक अक्षरात प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिली दर छापलेला असतो तो बघा. चष्मा न्या.

मृणाल_डोंबिवली

बार्शीवाला, साखरेचं वाचून मजा आली, मीही साखरेवरूनच ठरवते!

आमच्याकडे आईच्या वेळेपासून मुंबई ग्राहक पंचायतीचं सामान येतं. १९७५ पासूनची संस्था आहे, दुकानच नाही. आसपासच्या काही घरांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांचं सामान टेम्पोने एका घरी येतं. मग आपापल्यात वाटप. लहानपणी आमच्या हॉलमध्ये वाटप असलं की अभ्यासाला सुट्टी. जिन्यात पिशव्यांची रांग, आई याद्या वाचतेय, शेजारच्या काकू टिकमार्क करतायत, आणि कुणाचा तरी अर्धा किलो रवा हमखास सापडत नाही.

फायदा सांगू का, माल आधीच कुणीतरी पारखून घेतलेला असतो आणि समोर काही मांडलेलं नसल्यामुळे जास्तीचं घेतलं जात नाही. तोटा म्हणजे पुढच्या महिन्यात किती पोहे लागतील ते आज सांगायचं. पाहुणे आले की गणित कोलमडतं. शिवाय वाटपाला प्रत्येकाने हात लावायचा असतो. आमच्या संघातली नोकरी करणारी नवीन मंडळी तिथेच गळतात. मी टिकले, कारण आई अजून दटावते. तुमच्या बाजूला असा संघ आहे का याची चौकशी करून बघा.

एक_पेठकरी

दोन ओळी वाण्याच्या बाजूने. आम्ही दोघं सत्तरीचे. गेल्या पावसाळ्यात हिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुकानातला मुलगा रोज दूध-पाव वर आणून देत होता आणि जाताना कचऱ्याची पिशवीही खाली नेत होता. हिशोब दोन महिन्यांनी केला. किलोमागे चार रुपये जास्त देतो, देत राहीन. बार्शीवाल्यांचं गणित बरोबर आहे, पण त्यात हा कॉलम नाही.

बार्शीवाला

काका, कॉलम आहे, उधारीच्या वहीत. :) फक्त त्याची दुसरी बाजूही त्याच वहीत असते. दुष्काळाच्या साली आमच्या वहीतली निम्मी नावं वर्षभर दुकानासमोरून गेलीच नाहीत, मागच्या गल्लीतून जायची. वडिलांनी एकालाही हटकलं नाही, पण एजन्सीवाल्याला ते सांगता येत नव्हतं. त्याला ठरल्या तारखेला पैसे लागायचे. तुमचे ते चार रुपये बुडालेल्या उधारीलाही जातात. डी-मार्टला वही नाही, तिथला निम्मा स्वस्तपणा त्यातच आहे.

अनुजा_पुनावळे

बार्शीवाला, धन्य आहात! पाणी बोअरचंच आहे. आज फिल्टरच्या पाण्यात तीच डाळ लावली, चार शिट्ट्यांत मेण. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मला माहीत होतं." असो.

शनिवारी पिंपरी कॅम्पात जातोय. मृणाल, आमच्या सोसायटीत संघ जमणं कठीण दिसतंय, लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. पण विचारून बघते. अजून दोन प्रश्न: खोबरंही वर्षाचं घेऊन ठेवू का? आणि इंद्रायणी तांदूळ पुण्यात मिळतो तो खरा असतो का? पेठेतल्या वाण्याकडच्या तांदळाच्या भाताचा घरभर वास सुटायचा, इथल्या पाकिटातल्याला काहीच नाही.

बार्शीवाला

खोबरं अजिबात नको. पावसाळ्यात खवट होतं, तीन महिन्यांपुरतं घ्या. वाटी फोडून आत बघा, पांढरीशुभ्र हवी. कडेला पिवळी-तेलकट झाली असेल तर जुनी. आणि घेतानाच एक तुकडा तोंडात टाका, नाही म्हणत नाहीत.

इंद्रायणीच्या नावावर काहीही खपतं. तुम्ही तर मावळच्या तोंडाशीच राहता, लोणावळ्याला जाताना कामशेतला थांबा. तिथे राइस मिलवर सुटा मिळतो. नवा की जुना ते आधी विचारा. दिवाळीनंतर नवा येतो, त्याला वास जास्त पण भात चिकट होतो, पाणी बेताने घालायचं. आत्ता एप्रिलात मिळेल तो पाच-सहा महिने मुरलेला, मऊ भाताला एकदम बरोबर. मसालेभाताला इंद्रायणी वापरू नका, गिचका होईल. त्याला जुना कोलम ठेवा थोडा.