फिशन, फ्यूजन आणि विजेचं बिल

गवतीचहा
मुलगा दहावीत आहे. काल अभ्यासाला घेऊन बसले तर म्हणाला, अणू फोडला (फिशन) तरी ऊर्जा मिळते आणि जोडला (फ्यूजन) तरी मिळते, असं कसं? एकीकडे मिळाली तर दुसरीकडे खर्च व्हायला हवी ना! माझी बी.कॉम.ची विद्या तिथेच संपली. त्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय: फ्यूजनचा कृत्रिम सूर्य तयार, समुद्राच्या पाण्यातून इंधन, कचरा शून्य. हे खरं असेल तर आपण युरेनियमच्या भट्ट्या अजून कशाला चालवतोय? या क्षेत्रातलं कोणी असेल तर सोपं करून सांगा.

रिकामटेकडा
फॉरवर्ड अगदीच खोटा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेसरने २.०५ मेगाज्यूल घातले आणि फ्यूजनमधून ३.१५ निघाले. आता फक्त मोठं यंत्र बांधायचं बाकी.

कारवारकडचा
कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात इंधन हाताळणीत होतो, आता निवृत्त.

ताई, मुलाने नेमकं विचारलंय. लोखंड-निकेलच्या आसपासची केंद्रकं सगळ्यात घट्ट बांधलेली असतात. तो दरीचा तळ समजा. युरेनियम एका डोंगरावर, हायड्रोजन समोरच्या. दोघेही तळाकडेच उतरतात, म्हणून ऊर्जा दोन्हीकडून सुटते. लोखंड मात्र फोडा नाहीतर जोडा, पदरची घालावी लागते. हायड्रोजनचा उतार मोठा, त्यामुळे किलोला किलो धरलं तर फ्यूजनमधून साधारण चौपट मिळते.

घोडं अडतं ते सुरुवातीला. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, तो युरेनियम-२३५ मध्ये सहज शिरतो. केंद्रक फुटतं, दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, साखळी चालू. हायड्रोजनची केंद्रकं दोन्ही धनभारित, एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. त्यांना भिडवायला फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेल्या इटर या फ्यूजन यंत्रात १५ कोटी अंश तापमान लागणार आहे, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट.

आमचं एक इंधन बंडल अर्धा मीटर लांब, पंधरा-सोळा किलोचं. नवं असताना हातमोजे घालून उचलायचो, कारण आत साधं नैसर्गिक युरेनियम. मशीन भट्टीच्या एका अंगाने नवी बंडलं सरकवतं, दुसऱ्या अंगाने जुनी बाहेर येतात, तीही भट्टी चालू असतानाच. म्हणून तर कैगा-१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालू राहिली. एका बंडलातून साधारण सहा लाख युनिट वीज निघते, आणि एवढं होऊनही त्यातल्या शंभर अणूंमागे धड एक फुटलेला नसतो. पण बाहेर आलेल्या बंडलाजवळ माणूस फिरकू शकत नाही. ते पाण्याखालूनच हलवायचं आणि वर्षानुवर्षं पाण्यातच ठेवायचं.

रिकामटेकडा, तुमचे ३.१५ मेगाज्यूल जरा विजेच्या बिलात बसवून बघा. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. निघालं ते एक युनिटसुद्धा नाही, तेही उष्णतेच्या रूपात. आणि लेसर चालवायला ग्रिडमधून घेतले सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीच्या वर युनिट. प्रयोग थोरच आहे, पण वीजकेंद्राच्या गप्पा आत्ताच नकोत.

हापूस_राजापूर
काका, फुकुशिमा सोयीस्कर गाळलंत. भट्टी बंद झाली होती, तरी वितळली. आमच्या जैतापूरला ९,९०० मेगावॉटचा प्रस्ताव आहे. आम्ही फ्यूजनची वाट बघू म्हटलं तर काय चुकलं?

कारवारकडचा
भीती वेडगळ नाही. भट्टी बंद केली की साखळी थांबते, पण फुटलेल्या तुकड्यांची उष्णता थांबत नाही. बंद केल्याक्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, मग हळूहळू उतरते. २०११ च्या त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले, पाणी फिरवायला वीज उरली नाही. फ्यूजनमध्ये असं वितळणं नाही. जरा बिनसलं की प्लाझ्मा, म्हणजे आतला तो अतितप्त विद्युतभारित वायू, विझतो.

पण कचरा शून्य ही थाप. ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो आणि भिंतीत घुसतो, भिंत किरणोत्सारी होते. इंधनाचंही तसंच. ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, समुद्रात मुबलक, पण जोडीला ट्रिटियम हा त्याहून जड, किरणोत्सारी हायड्रोजन लागतो, ते निसर्गात जवळपास नाहीच, आणि १२.३ वर्षांत निम्मं होतं. पुढे ते लिथियमपासून यंत्रातच बनवायचं आहे. आज ते मिळतं जड पाण्याच्या (ड्युटेरियमपासून बनलेल्या पाण्याच्या) फिशन भट्ट्यांतून, मुख्यतः कॅनडाच्या! आम्ही जड पाण्याच्या भागात काम करून आलो की लघवीचा नमुना द्यायचो, अंगात ट्रिटियम किती गेलं ते बघायला. आम्ही ज्याच्यापासून जपायचो त्याच्यावर फ्यूजनवाले डोळा ठेवून आहेत.

गवतीचहा
दरी पटली त्याला. आता विचारतोय, यात भारत आहे का?

कारवारकडचा
आहे तर. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे फ्यूजन संशोधनाचं यंत्र १९८९ मध्ये सुरू झालं. इटरचं बाहेरचं तीसेक मीटरचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळं यंत्र ज्यात बसतं ते निर्वात पोलादी पिंप, गुजरातेतल्या हजिऱ्यात घडलं आणि तुकड्यातुकड्यांनी फ्रान्सला गेलं. नव्या वेळापत्रकानुसार इटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियम २०३९ ला पेटेल. तेही वीज बनवणार नाही, नुसती उष्णता मोजणार. वीजकेंद्र त्याच्याही पुढचं.