खरी भीती शूट करायची म्हणून फिल्ममध्ये काम करणाऱ्या मुलीला अंधारात ठेवलं तर चालेल का?

येऊरपायथा:
आम्ही मित्रमंडळी मिळून एक हॉरर शॉर्टफिल्म करतोय, पैसे नाहीतच, सगळं मोबाईलवर, येऊरच्या पायथ्याशी एकाच्या काकांचं रिकामं घर मिळालंय. डिरेक्टर म्हणतोय शेवटच्या सीनला त्या मुलीला काहीच सांगायचं नाही, लाईट घालवायचे, मागून कोणीतरी खेचायचं आणि ती जशी घाबरेल तसं शूट करायचं. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा हॉरर पिक्चर असाच केला होता म्हणतो, साधारण 60 हजार डॉलरमध्ये शूट केला आणि जवळपास 25 कोटी डॉलर कमावले. मला पटत नाहीये पण तो पिक्चर बघताना तीच खरी भीती मला आवडली होती ना, मग आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

वाशीची_नाटकवाली:
अर्धीच गोष्ट सांगतोय तो. ब्लेअर विचच्या त्या तिघा कलाकारांना रात्री त्रास होणार, आराम मिळणार नाही हे आधी सांगितलेलं, आणि खरंच थांबायचं असेल तर भूमिकेतून बाहेर यायला एक शब्द ठरलेला होता. तुमच्या मुलीकडे काय आहे?
मी प्रायोगिक नाटकं करते. एकदा तालमीत मला न सांगता खाडकन थोबाडीत मारली, सगळे म्हणाले काय रिअ‍ॅक्शन आली गं! त्यानंतर प्रयोगात त्या माणसाकडे पाठ करून उभं राहायची वेळ आली की माझं वाक्यच विसरायचं. एक शॉट मिळाला आणि नटी गेली, असं होतं ते.

घोडबंदरनाईट:
थोडं वेगळं मत. सगळं सांगून केलं की स्वस्तातल्या पिक्चरमध्ये ते लगेच खोटं दिसतं, मेकअप नाही, इफेक्ट नाही, चेहराच काय तो आपल्या हातात. ‘आज काहीतरी होईल, काय ते सांगणार नाही, चालेल का?’ एवढं विचारा. ती हो म्हणाली तर सरप्राईज ठेवायला माझी हरकत नाही. पण हात लावणार असाल तर ते मात्र सांगायलाच हवं, तिथे सरप्राईज नको.

ऐरोलीकर_प्रेक्षक:
शूट संपल्यावरचं पण बघा. ब्लेअर विचमध्ये तिघांची खरी नावं वापरली, 1999 ला रिलीजच्या वेळी ते बेपत्ता आहेत अशी पोस्टर लावली, त्यातल्या हेदर डोनाह्यूच्या आईला तर लोकांनी सांत्वनाची कार्डं पाठवली. इतके पैसे मिळवलेल्या पिक्चरचे ते तिघे 2024 मध्ये जाहीरपणे आपला योग्य मोबदला मागत होते.
त्याआधीचा 1980 चा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ घ्या. कॅमेऱ्यासाठी क्रूरपणा करणारे लोक किती वाईट हे सांगणारा पिक्चर, आणि तो करताना कासव, माकडं खरोखर मारली. नटही खरंच मारले असं लोकांना वाटलं, ते जिवंत आहेत हे दाखवायला डिरेक्टरला त्यांना पुढे आणावं लागलं, पण प्राण्यांना कुठून आणणार होता?
आणि येऊरपायथा, तुला ती भीती आवडली यात तुझं काही चुकलं नाही रे, समोरच्या माणसाने हो म्हटलंय असं धरूनच आपण बघतो. इथे तिने हो म्हटलेलं नाही हे तुला शूटच्या आधीच माहितीये.

येऊरपायथा:
थँक्स सगळ्यांना. मी डिरेक्टरला हा धागा पाठवलाय. तिला स्क्रिप्ट देऊन, कोण कुठून येणार आणि कुठे धरणार ते सांगूनच शूट होईल, थांबायचा शब्द तीच ठरवेल. नाही म्हणाली तर सीन बदलू, आणि त्याला ते मान्य नसेल तर कॅमेरा मी धरणार नाही.