कोलेस्टेरॉल हा खरोखर सधन घरांचाच आजार आहे का?

शिक्षिका, परभणी जिल्हा :
आमच्या गावातील आरोग्य शिबिरात काही जणांचे लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील निरनिराळ्या चरबींचे प्रमाण, तपासले गेले. अडत दुकान चालवणाऱ्या गृहस्थांचे एकूण कोलेस्टेरॉल २४८ निघाले, त्याचे कोणालाच नवल वाटले नाही. मात्र रोजंदारीने शेतात राबणाऱ्या एका सडपातळ बाईंचे एकूण कोलेस्टेरॉल १७० असूनही ट्रायग्लिसराइड (रक्तातील आणखी एका प्रकारची चरबी) २९० आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) अवघे ३१ होते. त्यांच्या घरी तूप-मटण फक्त सणावारी असते. मग ‘हा खात्यापित्या घरचा रोग’ ही समजूत कितपत खरी मानावी?

डॉक्टर, अंबाजोगाई :
ताई, ही समजूत अर्धीच खरी आहे. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आपल्याकडे शहरी व सुस्थित लोकांत अधिक वाढलेले आढळते. परंतु ट्रायग्लिसराइड वाढणे आणि एचडीएल घटणे हा दोष गरिबाच्या घरीही सर्रास दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहविषयक सर्वेक्षणाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील प्रौढांपैकी १३.९ टक्क्यांचे एकूण कोलेस्टेरॉल जास्त, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त, तर तब्बल ७२.३ टक्क्यांचे एचडीएल कमी होते. म्हणजे सर्वाधिक पसरलेला दोष नुसते एकूण कोलेस्टेरॉल पाहिल्यास नजरेतून सुटतो. ट्रायग्लिसराइड वाढायला तूप लागत नाही. भात-पोळीवरच पोट भरायचे, वरण-भाजी नावापुरती, आणि दिवसभर गोड चहा, अशा आहारातील जास्तीच्या पिष्टापासून आणि साखरेपासून यकृत स्वतःच चरबी तयार करते. न ओळखलेला मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता हीदेखील कारणे असतात, म्हणून त्या बाईंच्या या दोन तपासण्या आधी करून घ्याव्यात.

आरोग्य कार्यकर्ता, बीड :
दोष कोणात किती, यापेक्षा त्यानंतर काय घडते, यात मला विषमता अधिक तीव्र दिसते. भारतातील सुमारे २१,००० हृदयविकार रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदणीत (२००८) श्रीमंत रुग्णांपैकी ६१.२ टक्क्यांना, तर गरिबांपैकी केवळ ३६ टक्क्यांना रक्तातील चरबी कमी करणारी औषधे मिळाली होती. तीस दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के आणि गरिबांपैकी ८.२ टक्के रुग्ण दगावले, आणि उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. आमच्याकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेली, की जवळजवळ सहा महिने फडावरच असतात. सोबत नेलेल्या गोळ्या संपल्या की औषध थांबते. जेनेरिक अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध स्वस्त आहे, पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना दवाखान्यासाठी केलेला खाडा परवडत नाही.

शिक्षिका, परभणी जिल्हा :
रक्तातील चरबीची ही तपासणी गावच्या उपकेंद्रात होते का?

डॉक्टर, अंबाजोगाई :
उपकेंद्रातील तीस वर्षांवरील लोकांच्या नियमित तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो; रक्तातील चरबी त्यात धरलेली नाही, आणि ती धरायला हवी असे माझे ठाम मत आहे. तोवर ज्यांची साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघेल, त्यांच्या लिपिड प्रोफाइलसाठी ग्रामीण रुग्णालयात आग्रह धरावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असल्यास मात्र विलंब करू नये, कारण त्या पातळीपासून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो.