सेंट्रल पार्कचा खर्च नक्की कोण करतं? आणि नाशकात असं काही जमेल का?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी, न्यूयॉर्कात येऊन मला दीड वर्ष झालं. मागच्या आठवड्यात ऑफिसचा व्हॉलंटिअर डे होता, आम्हा 20 जणांना सेंट्रल पार्कात नेलं, हातात दाताळी आणि घमेली दिली आणि चार तास झाडांच्या बुंध्याभोवती लाकडाचा भुसा पसरायला लावला. कंबर दोन दिवस बोलत होती पण मजा आली. मला वाटत होतं की आम्हाला काम सांगणारी ती बाई म्युनिसिपालिटीची असणार, बोलता बोलता कळलं की ती एका ट्रस्टची नोकर आहे आणि अख्खं पार्क तो ट्रस्टच सांभाळतो!! म्हणजे पार्क प्रायव्हेट आहे का? आणि एवढ्या मोठ्या जागेला पैसे येतात कुठून, तिकीट तर काहीच नाही.

विचारायचं खरं कारण वेगळंच आहे. नाशकात आमच्या घराजवळ महापालिकेचं बऱ्यापैकी मोठं उद्यान आहे. कारंजं मी कॉलेजात असल्यापासून बंद, माळी आला तर आला, कमानीवर मात्र तीन माननीयांची नावं आणि खाली "यांच्या संकल्पनेतून". बाबा रिटायर झालेत, त्यांचा सकाळचा फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे 30-35 जणांचा, त्यांनी ठरवलंय की आपणच बाग दत्तक घ्यायची आणि डोक्यामागे 500 रुपये गोळा करायला सुरुवातही केलीय. मी फोनवर सेंट्रल पार्कचं कौतुक सांगून त्यांना आणखी चढवलं आणि आता आई माझ्यावर चिडलीय. कोणाला यातलं माहीत असेल तर सांगा ना.

क्वचितच_लिहिणारा

अरे छान प्रश्न आहे. मी अकरा वर्षं तिथे जातोय शनिवारी पालापाचोळा गोळा करायला, म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घे.

पहिलं म्हणजे पार्क प्रायव्हेट नाही. जमीन शहराची, नियम शहराचे, पोलीस शहराचे, कार्यक्रमांना परवानगी पण शहरच देतं. सांभाळायचं काम फक्त सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी नावाच्या संस्थेकडे आहे, करार करून दिलेलं. खर्चाचा मोठा वाटा ते देणग्यांतून उभा करतात, बाकीचे शहर देतं. झाडाला खत घालणारा माणूस ट्रस्टचा, पण तुझ्याकडून तिकीट मागायचा हक्क ट्रस्टला नाही.

हे सुरू कसं झालं ते महत्त्वाचं आहे. 1975 च्या आसपास हे शहर दिवाळं निघायच्या बेतात होतं. बागेची माणसं कमी केली आणि 843 एकरांची पार वाट लागली, ग्रेट लॉनवर गवताची काडी नाही नुसती धूळ, भिंती रंगवलेल्या, बाकं मोडलेली, संध्याकाळनंतर माणसं आत जायला घाबरायची. तेव्हाच्या इथल्या जुन्या मराठी लोकांना विचार, पाहुण्यांना बाहेरूनच दाखवून परत आणायचे. 1979 मध्ये शहराने एलिझाबेथ बार्लो रॉजर्स या बाईंना पार्कचं प्रशासक नेमलं, 1980 मध्ये कॉन्झर्व्हन्सी सुरू झाली आणि आता नीट ऐक, सांभाळण्याचा रीतसर करार झाला 1998 मध्ये. मधली अठरा वर्षं त्यांनी एक एक तुकडा नीट करून दाखवला. आधी मैदान हिरवं केलं, मग एखादा पूल, मग एखादं तळं. तुझ्या बाबांचा ग्रुप पहिल्याच महिन्यात अख्खी बाग मागतोय, ती नका मागू म्हणावं, एक कोपरा मागा.

दुसरं, तिथे 49 झोन आहेत आणि प्रत्येक झोनचा एक पगारी माळी. 1996 पासून ही पद्धत आहे. त्याच्या तुकड्यात कचरा दिसला तर तो कोणाचा हे विचारायला लागत नाही. आपल्याकडे बारा माळी बारा बागांत फिरतात आणि कुठलीच बाग कुणाची नसते. व्हॉलंटिअर हा त्या माळ्याच्या हाताखालचा माणूस असतो, त्याच्या बदल्यातला नाही. अकरा वर्षांत मला करवत दिलेली नाही, दाताळंच दिलंय. आणि व्हॉलंटिअर फुकट पडत नाहीत हं, हातमोजे, अवजारं, शिकवायला माणूस, सगळ्याला पैसे लागतात. तुमच्या कंपनीने त्या दिवसासाठी देणगी दिली होती का ते एचआरला विचारून बघ.

आता पैशाचं. लोकांना वाटतं मोठमोठे चेक येतात. येतात की, 2012 मध्ये जॉन पॉलसन नावाच्या हेज फंडवाल्याने (श्रीमंतांचे पैसे गुंतवणारा माणूस) 10 कोटी डॉलर दिले होते. पण मला आवडते ती बाकांची गोष्ट. 10 हजार डॉलर दिले की एका बाकाला नावाची स्टीलची पट्टी लागते, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असतं तसंच. आमच्या ओळखीतल्या दोघा भावांनी मिळून आईच्या नावाने घेतलाय. ती कधी अमेरिकेत आलीच नव्हती पण ते असो. मुद्दा असा की बाक तर आधीपासूनच तिथे आहे! ते पैसे देखभालीच्या निधीत जातात. कुणाला "पाण्याच्या पाइपासाठी 10 हजार द्या" म्हटलं तर तो घड्याळ बघतो, आईच्या नावाने मागितले की देतो. नाव दिसणाऱ्या गोष्टीला लावायचं आणि पैसे न दिसणाऱ्या कामाला वापरायचे, सगळी मेख इथे आहे.

हातगाड्यांचं भाडं तरी ट्रस्टला मिळत असेल असं मला आधी वाटायचं, पण ते शहराच्या तिजोरीत जातं. 2013 मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका हॉटडॉगच्या गाडीचं वर्षाचं भाडं 2,89,500 डॉलर होतं, हो वर्षाचं, एका गाडीचं, वाचून माझ्या हातातला चहा सांडला होता.

फ्लशिंगचा_बॅट्समन

वरच्या काकांबद्दल आदर आहे पण सेंट्रल पार्कची आरती ऐकली की मला राहवत नाही. मी क्वीन्समध्ये राहतो, न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या भागात. आमचं फ्लशिंग मेडोज सेंट्रल पार्कपेक्षा मोठं आहे, 897 एकर. 1939 च्या वर्ल्ड फेअरसाठी राखेच्या ढिगाऱ्यावर उभं केलेलं. युएस ओपन टेनिस तिथेच होतं. आम्ही रविवारी तिथे क्रिकेट खेळतो, पाऊस पडला की आऊटफिल्डचं तळं होतं आणि फिल्डर पॅन्ट वर करून उभा. आमच्याकडे का नाही 49 झोन? कारण आमच्या पार्काभोवती टॅक्सी चालवणारे, किचनमध्ये राबणारे, नर्सा राहतात, आणि सेंट्रल पार्काभोवती कोण राहतं ते सगळ्यांना माहितीय. पट्टी लावायला 10 हजार डॉलर कोण देणार आमच्याकडे.

म्हणून 2013 मध्ये एका स्टेट सिनेटरने सुचवलं होतं की श्रीमंत पार्कांच्या संस्थांनी बजेटचा 20 टक्के हिस्सा गरीब पार्कांना द्यावा. केवढा आरडाओरडा झाला तेव्हा! ते काही झालं नाही. पुढे मोठ्या संस्थांनी थोडेफार पैसे आणि माणसं द्यायचं कबूल केलं. माझं म्हणणं एवढंच की नाशकात बाबांच्या ग्रुपने बाग घेतली तर चांगलंच आहे, पण मग महापालिका म्हणणार "लोक करतायत ना, मग त्या वॉर्डाचं बजेट कापा" आणि पलीकडच्या वस्तीतली बाग, जिथे 500 रुपये काढणारे 30 रिटायर्ड लोक नाहीत, ती तशीच राहणार.

क्वचितच_लिहिणारा

@फ्लशिंगचा_बॅट्समन बरोबर आहे तुमचं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक सांगतो, श्रीमंत ट्रस्टच्या हातातही सगळं नसतं. 2023 च्या सप्टेंबरात ग्रेट लॉनवर मोठी म्युझिक कॉन्सर्ट झाली, धो धो पाऊस, हजारो लोक नाचले आणि साधारण एक तृतीयांश लॉनचा चिखल झाला. लॉन बंद केलं ते एप्रिल 2024 पर्यंत. परवानगी देणारं शहर आणि चिखल उपसणारा ट्रस्ट. करारात हे आधी लिहून घ्यायचं असतं, नवरात्रात आणि निवडणुकीत मैदान कोण कोणाला देणार ते.

चर्चगेट_फास्ट

मुंबईकराचे दोन पैसे. आपल्याकडे असं झालेलं नाही असं नाही. ओव्हल मैदान बघा. 90 च्या दशकात तिथे काय चालायचं ते विचारू नका, गर्दुल्ले, कचरा, रात्री तर नकोच. शेजारच्या रहिवाशांच्या संघटनेने हायकोर्टात धाव घेतली, देखभाल स्वतःच्या हातात घेतली, कुंपण घातलं, फिरायला वाट केली. 22 एकर आहे आणि आजही सगळ्यांना उघडं आहे, पोरं क्रिकेट खेळतात, एका वेळी इतक्या मॅच की बॉल कुठल्या मॅचचा ते बॉललाही माहीत नसतं. (हो, तिथेही शेजारी कोण राहतं ते बॅट्समनसाहेबांनी ओळखलं असेलच.)

पण याच मुंबईत "काळजीवाहू" म्हणून मैदानं घेतली आणि मग तिथे क्लब उभे राहिले, मेंबरशिप आली, गेटवर वॉचमन आला, असंही झालंय. म्हणून दत्तक हा शब्द ऐकला की मुंबईकर दचकतो. 2016 च्या जानेवारीत पालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं आणि इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी ते थांबवलं. 2023 मध्ये परत नवा मसुदा आला, परत लोक उभे राहिले. तर बाबांना सांगा, कागदावर तीन गोष्टी हव्याच: बांधकाम करायचं नाही, गेट सगळ्यांना उघडं, आणि मुदत छोटी. आणि बोर्डावर ग्रुपचं नाव बारीक अक्षरात.

टेकडीवरची_ताई

मी पुण्यातली, टेकडीवर पाणी घालणाऱ्यांपैकी. पैशाचं वर सगळ्यांनी लिहिलंय, मी माणसांचं सांगते.

जुलैत वृक्षारोपणाला दोनशे लोक येतात. बॅनर, फोटो, पाहुणे, वडापाव. रोप हातात धरून फोटो काढताना त्याची पिशवीसुद्धा काढलेली नसते काही जणांनी, तसंच खड्ड्यात. आणि मार्च-एप्रिलमध्ये पाण्याच्या बाटल्या घेऊन चढणारे आम्ही सहा-सात जण, तेही पन्नाशीच्या पुढचे. रोप लावलं की निदान तीन उन्हाळे पाणी लागतं त्याला. म्हणून आमचा नियम असा की जेवढ्यांना एप्रिलमध्ये पाणी घालू तेवढीच जुलैत लावायची. मागच्या वर्षी 40 लावली, लोक हसले. त्यातली 33 आहेत.

आणि झाडं निवडताना भरभर वाढतं म्हणून काहीही लावू नका. आमच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प लावलं, पटकन हिरवं दिसलं खरं पण त्याच्याखाली फार काही उगवत नाही आणि आता सगळे डोक्याला हात लावून बसलेत. आणि पालापाचोळा जाळू देऊ नका!! तुम्ही तिकडे चार तास भुसा पसरलात ना बुंध्याभोवती, तेच काम आपल्याकडे पाचोळा फुकट करतो, पण सकाळी सात वाजता काडी लावून मोकळे.

पैशाचं एकच बोलते. पुण्यातली एम्प्रेस गार्डन 39 एकरांची आहे, ती महापालिका नाही तर एक जुनी संस्था चालवते, आत जायला तिकीट आहे आणि जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा अख्खं पुणं लोटतं. तिकीट लावणं वाईटच असं मला वाटत नाही, पण रोज फिरायला येणाऱ्याला लावू नये. तुमच्या बाबांच्या 500 रुपयांचा हिशोब दर महिन्याला गेटवर कागद चिकटवून दाखवा. आमच्या शेजारच्या एका ग्रुपचं भांडण झाडांवरून नाही, 1,140 रुपयांच्या पाइपाच्या बिलावरून झालं आणि ग्रुप फुटला.

गोदाकाठचा

बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. अठरा वर्षं ऐकून ते म्हणाले "मी 67 चा आहे, मला एवढा वेळ नाही" आणि मग थोड्या वेळाने परत फोन करून म्हणाले की कारंज्याच्या मागचा तुकडा मागू, तिथे नळ आहे. ताईंचा एप्रिलचा नियम त्यांना फारच पटलाय, ग्रुपवर टाकला तर चार जण लगेच गप्प झाले म्हणे. तरी आता एक माळी अर्धा दिवस ठेवायचा तर 35 गुणिले 500 किती महिने पुरतील याचा हिशोब चाललाय, आणि आई म्हणते आधी पाइप कोणाच्या नावावर घेणार ते ठरवा.

बॅट्समन, तुमचं पलीकडच्या वस्तीतल्या बागेचं बाबांना लागलंय, गप्पच झाले ते. तिथल्या शाळेतल्या एका मास्तरांना ओळखतात, त्यांच्याशी बोलतो म्हणाले.

काका, शनिवारी मला पण यायचंय, कसं यायचं असतं? ऑफिसशिवाय घेतात का?

क्वचितच_लिहिणारा

घेतात, आधी नाव नोंदवावं लागतं, वेबसाइटवर आहे. हातमोजे तिकडे मिळतात, जुने बूट घाल. आणि डबा आण, हॉटडॉग खाऊ नकोस, त्या भाड्यात तुझाही वाटा जाईल.