रोज पाच शब्द, अर्थ आणि एक वाक्य: याने इंग्रजी येतं का?

तिरकस_पेन (धागाकर्ता)

एक अवघड इंग्रजी शब्द, शेजारी मराठी अर्थ, खाली एक वाक्य. इंग्रजी सुधारायला निघालेल्या प्रत्येकाला हा साचा रोज कुठून ना कुठून येऊन धडकतो. लोक 'उपयुक्त माहिती' म्हणतात, वहीत उतरवून घेतात, पुढे पाठवतात. माझं मत स्पष्ट आहे: यातून शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. आणि ते खालचं वाक्य बहुतेकदा निव्वळ शोभेचं असतं.

'रिलक्टंट: नाखूष. ही वॉज रिलक्टंट.' बरं, मग? यात रिलक्टंट काढून टायर्ड घाला, हंग्री घाला, वाक्य तसंच उभं राहतं. म्हणजे त्या वाक्याने शब्दाबद्दल काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी 'ही वॉज रिलक्टंट टू साइन द पेपर्स विदाउट रीडिंग देम' असं दिलं, तर पुढे 'टू' आणि क्रियापद येतं हे कळतं आणि मराठी अर्थ झाकून ठेवला तरी अंदाज लागतो.

दुसरं दुखणं मराठी अर्थाचं. आपलं 'करणे' कुठेही चालतं. आपण चूक करतो, गृहपाठ करतो, आंघोळ करतो, गुन्हा करतो, फोन करतो. इंग्रजीत चूक 'मेक' होते, गृहपाठ 'डू', आंघोळ 'टेक' किंवा 'हॅव', गुन्हा 'कमिट', आणि फोन पुन्हा 'मेक'. 'क्राइम म्हणजे गुन्हा' पाठ केलेल्याला क्राइम आला, कमिट आलाच नाही. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असं जे. आर. फर्थ हा भाषावैज्ञानिक 1957 साली सांगून गेला. आपण अजून सुटे शब्द वेचतोय.

रात्रपाळी

असहमत, आणि जोरात असहमत.

'वाचा म्हणजे आपोआप येईल' हा सल्ला ज्यांना आधीच इंग्रजी येतं तेच देतात. तुम्ही अजून तो दिलेला नाही, पण गाडी तिकडेच चालली आहे. पॉल नेशन आणि हू या शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी 2000 साली दाखवलं की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. ज्याला पन्नासात दहा अनोळखी आहेत तो सोबतीवरून अंदाज कसा बांधणार? सोबतीही अनोळखीच की!

म्हणून याद्या झाल्या. मायकेल वेस्टची 1953 ची जनरल सर्व्हिस लिस्ट, म्हणजे नेहमी लागणाऱ्या शब्दांची यादी, सुमारे 2000 शब्दांची आहे आणि सर्वसाधारण मजकुरातले 80 टक्क्यांच्या आसपास शब्द तेवढ्यात बसतात. एवढं पाठ करायला कुठली सोबत नि कुठला संदर्भ? अर्थ बघा, पाठ करा, पुढे चला.

पाठांतर_झिंदाबाद

रात्रपाळी +1. आमच्या परीक्षेत समानार्थी आणि विरुद्धार्थी विचारतात. तिथे 'रिलक्टंट'पुढे 'टू' येतं का 'फॉर' याचे गुण नाहीत. ज्याला नोकरी हवी त्याने यादी घ्यावी, ज्याला साहित्य लिहायचं त्याने सोबती शोधावेत.

तिरकस_पेन

@पाठांतर_झिंदाबाद, त्याच पेपरात 'वाक्यातली चूक ओळखा' आणि 'गाळलेली जागा भरा' नसतं का? तिथे काय करता?

@रात्रपाळी, वेस्टच्या यादीला माझा विरोध नाही. पण फिरणाऱ्या याद्यांमध्ये ते 2000 शब्द असतात कुठे? तिथे 'युबिक्विटस' आणि 'सेरेन्डिपिटी' मिरवत असतात. 'अनलेस' कुठे आणि 'अन्टिल' कुठे यात गोंधळणारा माणूस 'युबिक्विटस'चं स्पेलिंग घोकतोय. आणि नेशन यांचा दाखला दिलात तर पुढचाही घ्या. 2006 मध्ये त्यांनीच मांडलं की कादंबरी किंवा वर्तमानपत्र त्या 98 टक्क्यांनी वाचायला 8000 ते 9000 शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात. इतकं यादीने पाठ करणारा मला तरी भेटलेला नाही.

खडू_फळा

शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

मराठी अर्थाला सरसकट झोडपू नका. 'बीटल' म्हणजे भुंगेरा, संपलं. त्याची इंग्रजी व्याख्या वाचून मुलं झुरळापर्यंत पोचतात. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंना मातृभाषेतला अर्थ हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे. फसगत होते ती क्रियापदांत, भाववाचक नामांत आणि 'गेट', 'टेक', 'रन' असल्या बहुरूप्यांत.

वाक्याचं म्हणाल तर शिकणाऱ्यांसाठी कोश करणाऱ्यांनी यावर फार डोकं खपवलंय. हॉर्नबी या इंग्रजीच्या शिक्षकांनी जपानमध्ये शिकवताना केलेला कोश 1942 मध्ये तिथेच निघाला. कोणत्या क्रियापदामागे कसली रचना येते, हे त्यात साच्यांनिशी दिलं होतं. लाँगमनच्या कोशाने 1978 मध्ये सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत बसवल्या. जॉन सिंक्लेअर यांच्या कोबिल्ड कोशाने 1987 मध्ये व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली आणि उदाहरणं प्रत्यक्ष वापरातून उचलली.

इथे माझा कोबिल्डशी थोडा वाद आहे. खऱ्या वापरातली वाक्यं नवख्याला झेपत नाहीत. एक शब्द शिकवायला जावं तर वाक्यात आणखी तीन अनोळखी निघतात. मी बनवलेलीच वाक्यं देते, पण एकाच शब्दाची तीन. एकात रचना, एकात नेहमीचा जोडीदार, एकात नकार किंवा प्रश्न. एका वाक्यावर शब्द सोडला की मुलं तेच वाक्य पाठ करतात आणि निबंधात जसंच्या तसं चिकटवतात.

तिरकस_पेन

तीन वाक्यांना शंभर टक्के अनुमोदन. बनवलेल्यांना मात्र नाही. 'कॉज'चं बघा. अर्थ काय? घडवून आणणे. यावरून 'हर सक्सेस कॉज्ड अस जॉय' हे वाक्य कोणीही बनवेल, व्याकरणाला ते चालेलही. पण प्रत्यक्ष वापर तपासला तर 'कॉज'च्या मागे प्रॉब्लेम, डॅमेज, डिले, पेन अशी बहुतेक वाईटच मंडळी रांगेने उभी दिसतात. हे कुठल्या अर्थात लिहिलेलं नसतं आणि घरी बसून बनवलेल्या वाक्यात उतरेल याची खात्री नसते.

खडू_फळा

पहिल्या वर्षाच्या मुलाला 'कॉज'ची ही खोडी कशाला हवी? आधी त्याला 'कॉज' वापरू तर दे. जॉय कॉज केला तर करू दे, नंतर सुधारता येईल.

उजळणीवाली

तुम्ही सगळे शब्द आत कसा घालायचा यावर भांडताय. तो बाहेर गळतो त्याचं काय? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग वेग मंदावतो. वहीत उतरवलेले शब्द परत कोण उघडून बघतं?

उजळणीसाठी लाइटनरची पेट्यांची पद्धत आहे, 1972 ची. कागदाचे तुकडे आणि चार-पाच खोकी एवढंच सामान. शब्द आला तर कार्ड पुढच्या खोक्यात, अडला तर परत पहिल्यात. पुढची खोकी कमी वेळा उघडायची. कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नका, गाळलेली जागा असलेलं वाक्य लिहा. 'ही ____ अ सीरियस क्राइम.' धागाकर्त्याचा जोडीदारही आला आणि रात्रपाळींची यादीही.

खवचट_काका

एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या होत्या हो, शब्द नव्हेत. निरर्थक गोष्ट विसरणारच. अर्थाला चिकटलेला शब्द तितक्या लवकर गळत नाही.

अवांतर: ही कार्डवाली मंडळी कार्डं करण्यातच रमतात. रंगीत पेन, सुंदर खोकी. शब्द राहिला बाजूला.

उजळणीवाली

काका, कमी वेगाने गळतो, पण गळतोच. रंगीत पेनाबद्दल नो कॉमेंट्स.

नवी_पाटी

माझा साधा प्रश्न. दुसऱ्याचं वाक्य पाठ करण्यापेक्षा स्वतःचं वाक्य लिहिलं तर? मी तेच करते. शब्द माझ्या कामाशी, माझ्या माणसांशी जोडला जातो आणि लक्षात राहतो.

खडू_फळा

लक्षात राहतो, खरं आहे. पण चूकही तितकीच पक्की राहते. 'मला समजाव'वरून 'एक्स्प्लेन मी' होतं, 'याविषयी चर्चा करू'वरून 'डिस्कस अबाउट'. स्वतःच्या वाक्यात आपली मराठी रचना गुपचूप शिरते आणि रोज म्हटल्याने कानाला बरोबर वाटू लागते. आधी कोशातली दोन वाक्यं वाच, त्यांचा सांगाडा तसाच ठेव, मग त्यात तुझी माणसं घाल.

रात्रपाळी

म्हणजे कोश उघडायचा, तीन वाक्यं वाचायची, सांगाडा काढायचा, स्वतःचं वाक्य लिहायचं, कार्ड करायचं, खोक्यात टाकायचं. एका शब्दाला! मी तोवर पाच अर्थ पाठ करून झोपलेलो असेन. रात्रपाळी करणाऱ्याला एवढा वेळ कोण देणार?

तिरकस_पेन

'भुंगेरा'ला हे काहीच लागत नाही, तिथे तुमचंच बरोबर. 'कमिट', 'कॉज', 'रिलक्टंट'साठी लागतं. त्या पाचांतले कुठले दोन या जातीचे आहेत एवढं आधी ठरवा, बाकीचे तीन खुशाल पाठ करून झोपा.

रात्रपाळी

आणि ते दोन कुठले हे इंग्रजी न येणाऱ्याने ठरवायचं कसं?

खडू_फळा

कोशात बघायचं. ज्या शब्दाखाली एका ओळीत काम भागलंय तो पाठ करायचा. ज्याच्याखाली अर्धं पान भरलंय तो पाठ करून हाती लागत नाही.