आधारची प्रत आणि बोटांचे ठसे
बडोद्यातल्या दांडिया बाजारात प्रिंटसाठी आधारची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवावी का, असं एकानं विचारलंय. पूर्ण आधार कधीच पाठवू नका. फाइल त्याच्या फोनमध्ये राहून जाते. फाइलच्या पासवर्डच्या भरवशावरही राहू नका: तो म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, ओळखीतल्या कुणालाही सुचेल. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात.

पण मोठा धोका ठशांचा. आधारवरून, मशीनवर अंगठा लावून बँकेतले पैसे काढताना ओटीपी लागत नाही आणि नकली ठशांनी खाती रिकामी झालेली आहेत. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे ठशांनी ओळख पटवणं, आजच लॉक करा. रेशनला जाताना तेवढं तात्पुरतं उघडा, नाहीतर ठसा बरोबर असूनही मशीन नाकारतं. घरातल्या आजी-आजोबांचं आधी करा, कारण त्यांच्या खात्यावरचे एसएमएस बहुधा कुणी वाचतच नाही.